आधी कपाटातल्या टेपा, मग शाल

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात तीस-बत्तीस वर्षं टीव्हीसाठी बातमीदारी केलेले एक ज्येष्ठ पत्रकार आता काम थांबवताहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेले पाच-सहा जण मिळून त्यांचा गौरव करणार आहेत. शाल-श्रीफळापलीकडे काय करता येईल, त्यांच्या कामावर चित्रफीत कशी करावी, मानपत्रात काय लिहावं आणि पाहुणे कोण बोलवावेत?

मी रिपोर्टर नाही, कॅमेरामन. १९८८ साली लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली, मग दूरदर्शनसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारावर नाही तर बातमीमागे पैसे घेऊन, मग खासगी वाहिन्यांसाठी काम केलं. कॅमेरा खांद्यावरून उतरवला त्याला आता आठ वर्षं झाली. त्यानंतर अशा दहा-बारा सत्कारांच्या चित्रफिती माझ्या हातून झाल्या. त्यातल्या निम्म्या फसल्या, आणि बहुतेक एकाच कारणाने: सभागृहाची तारीख आधी धरली, टेपा नंतर शोधल्या.

छापील वर्तमानपत्रातल्या माणसाचं बरं असतं. कात्रणांची वही असते, वाचनालयात फायली असतात, अगदीच काही नसलं तर रद्दीच्या गठ्ठ्यात एखादा अंक सापडतो. टीव्हीवाल्याचं काम संध्याकाळच्या बातमीपत्रात दोन मिनिटं दिसलं की संपलं. टेप महाग होती. बातमी लागली की तीच टेप पुसून दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात जायची, आणि पाच-सहा वेळा वापरल्याशिवाय ऑफिस नवी देत नसे. बातमीपत्र थेट वाचलं जायचं, ते कोणी रेकॉर्ड करून ठेवलं तरच उरायचं. प्रदीप भिडे यांनी १९७४ पासून मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचल्या, २०२२ मध्ये ते गेले. त्यांचा आवाज सगळ्या महाराष्ट्राच्या कानात आहे. पण कानात असणं वेगळं आणि टेपवर असणं वेगळं. तुमच्या सरांचं काम तर विदर्भातल्या गल्लीबोळातलं. ते जपून ठेवायला कोणाला फुरसत होती?

म्हणून आधी त्यांच्या घरी जा. बॅटरी, जुनं सुती फडकं, पेन्सिल आणि एक वही एवढंच न्या. टेपा पलंगाखाली, माळ्यावर, कुलरच्या खोक्यात असतात. एका घरी आम्हाला त्या पापडाच्या डब्यामागे मिळाल्या. वहिनी म्हणाल्या, "तीन घरं बदलली बापा, पण ह्या टेपा काही टाकू दिल्या नाही मी यांना." रिपोर्टर साहेब मात्र आम्हाला सांगत होते की घरी काही नाही, सगळं ऑफिसात गेलं. म्हणून विचारायचं ते वहिनींनाच.

लेबलवर विश्वास ठेवू नका. त्याच घरी 'अधिवेशन ९६' लिहिलेली एक व्हीएचएस निघाली. लावली तर कोणाच्या तरी भाच्याचं बारसं. मी बंद करणार होतो, पण सवय म्हणून शेवटपर्यंत पळवली. बारसं संपल्यावर निळा पडदा, खरखर, आणि मग चाळीस सेकंद विधानभवनाच्या पायऱ्या, त्यावर हातात बूम (माईक) धरलेला, केस काळे असलेला आमचा माणूस. तेवढाच तुकडा उरला होता. शेवटपर्यंत पळवल्याशिवाय कुठलीही टेप 'रिकामी' म्हणायची नाही, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

टेपा कसल्या आहेत ते ओळखा. रुंद, जाडजूड पुस्तकासारखी ती यू-मॅटिक, आतली फीत पाऊण इंचाची. कॅमेऱ्यात जाणारी छोटी कॅसेट वीस मिनिटांची असे. त्याहून आटोपशीर, अर्ध्या इंच फितीची ती बीटाकॅम एसपी. छोटी तीस मिनिटांची, मोठी नव्वदची. काडेपेटीपेक्षा जरा मोठी ती मिनी डीव्ही. सोनीने बीटाकॅमच्या कॅसेटी विकणं २०१६ मध्ये थांबवलं, म्हणजे टेप चालवायचे डेकही आता जुने आणि सुटे भागही जुनेच. जो डेक आज चालतो तो पुढच्या वर्षी चालेल असं धरून चालू नका.

टेप हातात आली की लगेच डेकमध्ये सारू नका. आधी रेकॉर्डिंगचं कुलूप लावा: यू-मॅटिकच्या खालचं लाल बटण काढून टाका, मिनी डीव्हीची पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा. घाईत कोणी चुकून रेकॉर्ड दाबलं तर पंचवीस वर्षांपूर्वीचा माणूस पुसला जाईल. मग कॅसेटच्या खिडकीतून फितीची कड बघा. पांढरे धागे किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. नागपूरचा उन्हाळा कोरडा म्हणून लोक निर्धास्त असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये बंद लोखंडी कपाटात काय होतं ते बघावं. बुरशीची एक टेप डेकमध्ये गेली तर डेकचे हेड, म्हणजे फीत वाचणारे भाग, खराब होतात आणि तीच बुरशी पुढच्या दहा टेपांना लागते. तसल्या टेपा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. कोणी ओव्हनमध्ये शेकायला सांगेल, कोणी फ्रीजमध्ये ठेवायला. फ्रीज तर नाहीच नाही. शेकणं हा फीत चिकट झाली तर करायचा उपाय आहे खरा, पण तो प्रयोगशाळेतला, स्वयंपाकघरातला नव्हे.

चांगल्या टेपा एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या फितीचा ताण त्याने सारखा होतो. मिनी डीव्ही फायरवायर केबलने संगणकात घेतली तर तासाला तेरा जीबीच्या आसपास जागा लागते. बीटाकॅम न दाबता (अनकंप्रेस्ड) घेतली तर शंभरेक जीबी. एवढी जागा कशाला, असं तुमच्यातला तरुण एडिटर म्हणेल. त्याला सांगा, चित्रफितीसाठी छोटी फाइल कर, पण मूळ एकदाच निघणार आहे. दोन हार्ड डिस्क घ्या आणि दोन वेगवेगळ्या घरी ठेवा.

घरी कमी मिळालं तर पुढे कुठे? वाहिनीच्या लायब्ररीत अर्ज करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. मला जास्त सापडलं ते बातमीत दिसणाऱ्यांकडे. आपण टीव्हीवर आलो म्हणून शेजारच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करून ठेवणारा शेतकरी संघटनेचा तालुका अध्यक्ष, मोर्चा काढणाऱ्या अंगणवाडी सेविका, नगरसेवक, आखाड्याचे वस्ताद. शिवाय सीताबर्डी-इतवारीतले जुने व्हिडिओ शूटिंगवाले. स्ट्रिंगरचा कॅमेरा बिघडला की आम्ही त्यांच्याकडूनच आणायचो. आणि कागद विसरू नका. टेपच्या डबीतली लॉगशीट (टेपवर कुठे काय आहे त्याची यादी), फॅक्सने पाठवलेली स्क्रिप्ट, अधिस्वीकृतीपत्रिका (शासनाचं पत्रकार ओळखपत्र), अधिवेशनाचे पास. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळ्यात विधिमंडळ इथे येतं, म्हणून इथल्या रिपोर्टरकडे जवळजवळ दर वर्षाचा एक पास असतोच. एकांनी ते सगळे एका सुतळीत ओवून ठेवले होते. आम्ही ती माळ मंचावर टांगली. हाराची गरज पडली नाही.

आता खरं काम. टेप उतरवून झाली की सरांना शेजारी बसवा आणि दाखवा. चहा-पोहे ठेवा, तर्री त्यांना चालत असेल तर तीही, आणि एक जण फक्त लिहायला. कोण, कुठे, कधी. टेपवरच्या माणसांची नावं आज फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त नको, कारण जुनी माणसं पडद्यावर बघताना माणूस थकतो. सहा-सात बैठका लागतील. वेळ जातो तो इथेच, आणि सभागृह आधी धरणाऱ्यांकडे हाच वेळ नसतो.

माझ्या बरोबर सतरा वर्षं काम केलेल्या रिपोर्टरची गोष्ट सांगतो. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. सीताबर्डीचा उड्डाणपूल आज आदिवासी गोवारी शहीदांच्या नावाने आहे, तुम्ही रोज त्यावरून जात असाल. त्या दिवशी आम्ही दोघं तिथे होतो, भाड्याचा बीटाकॅम घेऊन. टेप मुंबईला जायला हवी म्हणून विमानतळावर कोणा प्रवाशाच्या हाती दिली; चित्र मुंबईला पाठवायची सोय, म्हणजे तेव्हाची आमची फीड, हीच: ओळखपाळख नसलेला एक भला माणूस. त्याआधी भरलेली दुसरी कॅसेट मात्र आमच्याकडेच राहिली, आणि वीस-एक वर्षांनी त्यांच्या सत्काराच्या वेळी ती निघाली.

सुरुवातीला नेहमीचंच. रस्त्यावर बसलेल्या बाया, फडक्यात बांधलेल्या भाकरी, कडेवर लेकरं. मग गर्दी, धक्के, आणि चित्र एकदम आडवं. पुढची चार मिनिटं पडद्यावर फक्त डांबर आणि एक चप्पल. मला वाटलं कॅमेरा पडला, टेप वाया गेली. मी पुढे पळवणार, तेवढ्यात माझा एडिटर म्हणाला, "काका, चॅनेल दोन ऐका." आम्ही सवयीने आवाजाचं एकच चॅनेल उघडलं होतं, हातातल्या माईकचं. दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा माईक. त्यात या माणसाचा आवाज होता: "अरे ठेव तो कॅमेरा खाली. आधी हिला उचल. पाणी, पाणी आण कोणी तरी." तो मला सांगत होता. मला यातलं काही आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. त्याला आठवत होतं, पण इतक्या वर्षांत त्याने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आमची बातमी दुसऱ्यांपेक्षा कमी दृश्यांची गेली आणि डेस्कवरून बोलणी खाल्ली, एवढंच मला माहीत होतं.

चित्रफितीत आम्ही त्या चार मिनिटांतली चाळीस सेकंदं घेतली. डांबर, चप्पल आणि आवाज. वर निवेदन नाही, संगीत नाही. मृतांची दृश्यं पुढे टेपवर होती, ती घेतली नाहीत. सभागृहात जे झालं ते सांगत बसत नाही. सांगायचं एवढंच की तुमच्या एडिटरला दोन्ही ऑडिओ चॅनेल वेगवेगळे उतरवायला सांगा. लागलेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या बातमीत, बहुधा एकावर व्हॉइस ओव्हर आणि दुसऱ्यावर बाइट-अँबियन्स, म्हणजे लोकांचं बोलणं आणि आजूबाजूचा आवाज असतो. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणात, दुसऱ्यावर काय काय असेल ते देव जाणे. पीटूसीत, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून केलेल्या निवेदनात, माणूस तयारीने बोलतो. कॅमेरा बंद आहे असं वाटल्यावर तो काय बोलला, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

चित्रफीत बारा मिनिटांची करा, वीस नको. जुनं चित्र चार बाय तीनचं असतं, ते सोळा बाय नऊला ताणून भरू नका. एका समारंभात तसं केलेलं पाहिलं. सत्कारमूर्ती पडद्यावर आडवे सुजलेले, आणि ते स्वतः पहिल्या रांगेत बसून तोंडावर हात धरून हसत होते. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. जुन्या चित्रात आडव्या रेषा दिसतात म्हणून त्या काढायला डी-इंटरलेस करायचं ते दाखवायच्या प्रतीत करा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि दर दहा सेकंदांनी सुरांचा भडिमार नको. बातमीदार आयुष्यभर ज्या ढोलताशांवरून डेस्कशी भांडला, तेच त्याच्या निरोपाला वाजवायचे?

निवड करताना मोठ्या बातम्याच भरायचा मोह होतो. एक मोठी ठेवा. २०१५ मध्ये जुलैअखेर याकूब मेमनच्या फाशीच्या रात्री वर्धा रोडवर कारागृहाबाहेर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग लागली होती, तिथे हे असतीलच. पण तिथे सगळेच होते. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आल्यावर सगळ्यांचंच काम लाइव्ह झालं, आणि लाइव्हमध्ये रिपोर्टर तासाला तेच ते बोलतो. मला विचाराल तर २००७ च्या आधीचं जास्त शोधा. मेळघाटात दोन दिवस राहून केलेली साडेतीन मिनिटांची बातमी, यवतमाळात कापसाच्या ओळीत उभं राहून केलेला पीटूसी, त्यात मागे उडालेली टोपी पकडायला धावणारा शेतकरी. त्यांना विचारा, कुठली बातमी लागली नाही म्हणून आजही खंत वाटते. तीही घ्या.

दोन गोष्टी जपून. नव्वदीतल्या फुटेजमध्ये चेहरे झाकायची पद्धत ढिली होती. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. मुलांसाठी पोक्सोचं कलम २३. जुनी टेप आहे म्हणून सूट नाही. दुसरं, टेप सरांच्या माळ्यावर असली तरी सरांच्या मालकीची असेलच असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. वाहिनीला पत्र द्या, लेखी परवानगी घ्या, आणि चित्रफीत यूट्यूबवर टाकणार असाल तर ते पत्रात स्पष्ट लिहा. बहुतेक जण देतात. न विचारता टाकलं की मात्र यूट्यूबचा कॉपीराइट स्ट्राइक येतो.

मानपत्र. कृपा करून 'लेखणीचे शिलेदार' लिहू नका. मी तीन टीव्ही पत्रकारांच्या मानपत्रांत हे वाचलं आहे, आणि एकाला तर सन्मानचिन्ह म्हणून पितळी दौत-टाक दिला. बिचाऱ्याने आयुष्यभर माईक धरला. 'निर्भीड', 'झुंजार', 'व्रतस्थ' हे शब्द कुणालाही चिकटतात. त्याऐवजी त्या सहा-सात बैठकांच्या वहीतून चार गोष्टी उचला, तारखेसकट. अमुक साली अमुक गावात पुराच्या पाण्यात कंबरेपर्यंत उभे राहून बातमी केली आणि परत येताना गावकऱ्यांच्या नावांची यादी तहसीलदारांना नेऊन दिली, असं एक वाक्य पुरे. दीडशे शब्दांच्या वर जाऊ नका. ते वाचायला एखादा स्ट्रिंगर बोलवा, घशातल्या आवाजाचा निवेदक नको.

पाहुण्यांचं आता. मंत्री नको. कारण तत्त्वाचं आहेच, ज्यांच्यावर बातम्या केल्या त्यांच्याकडून शाल कशी घ्यायची. पण माझं कारण जास्त व्यवहारी आहे. मंत्री दीड तास उशिरा येतात, आणि सत्कार झाला की सगळे बूम त्यांच्यासमोर जातात. मी स्वतः एकदा बघितलं आहे: सत्कारमूर्ती हातात नारळ घेऊन कोपऱ्यात, आणि आमचीच पोरं मंत्र्यांचा बाइट घेऊन राहिली होती. त्याच समारंभात सत्कारमूर्तींना बोलायला मिळालं सव्वादहाला, रिकाम्या खुर्च्यांसमोर. कॅटरिंगवाला भांडी आवरत होता.

बोलवा त्यांचा पहिला कॅमेरामन, गडचिरोली-चंद्रपूरचे स्ट्रिंगर, गाडीचा ड्रायव्हर, मुंबई डेस्कवरचा तो माणूस ज्याच्याशी ते वीस वर्षं फोनवर भांडले. भाषणं नकोत, प्रकट मुलाखत ठेवा, चाळीस मिनिटं. मुलाखत घेणारा त्यांच्यापेक्षा लहान हवा आणि ज्याने खरंच त्यांच्या शिव्या खाल्ल्या असा हवा. सभागृह लहान घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह भव्य आहे, पण दोनशे माणसं तिथे हरवून जातात. धंतोलीतलं टिळक पत्रकार भवन घरचं आहे. डिसेंबरात अधिवेशन चालू असताना ठेवलं तर तुमच्यातलेच निम्मे ड्यूटीवर असतील, आणि ६ जानेवारीला 'दर्पण'दिनाचे कार्यक्रम इतके असतात की माणूस एकातून दुसऱ्यात जाताना शाल बदलतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा बघा. थंडी गोड असते, संत्रीही असतात.

पैशाचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. टीव्हीतली बरीच माणसं करारावर किंवा बातमीमागे पैसे घेऊन राबली; भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही. सरांची अशी अडचण असेल तर गौरवनिधी गोळा करा, पण मंचावर मोठा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढू नका. खात्यावर पाठवा. शासनाची आचार्य बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे, साठ वर्षं वय आणि तीस वर्षांचा अनुभव ही तिची मुख्य अट. अनुभवाचे पुरावे मागतात, आणि टीव्हीवाल्याचं घोडं तिथेच अडतं, नियुक्तीपत्रच नसतं. तुम्ही जमवलेले पास, लॉगशीट, फॅक्स, मानधनाच्या पावत्या हे सगळं त्या फायलीला उपयोगी पडेल. जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन ताजा शासन निर्णय बघा आणि फाइल तुम्हीच करून द्या. ते स्वतः कधी जाणार नाहीत.

समारंभानंतर डिस्कची एक प्रत विद्यापीठाच्या जनसंवाद विभागाला किंवा हिस्लॉपच्या पत्रकारितेच्या मुलांना शिकायला देता येते का ते विचारा, अर्थात वाहिनीची परवानगी त्या पत्रातच मागून.

माझ्याकडे एक बीटाकॅम डेक अजून चालतो. हेड घासलेत, रिवाइंड करताना कुरकुरतो, पण चित्र देतो. पावसाळ्यात आणू नका, दसरा झाला की या. टेपा मोजून, पेन्सिलने नंबर टाकून आणा, आणि टेपांबरोबर सरांनाही घेऊन या.